त्या सॉकेटात चिप होती का?

जुनी यंत्रं : वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात मी इथे लिहिलं होतं, की माळ्यावर पडलेला जुना घरगुती कॉम्प्युटर एकदा उघडून बघा, मऊ ब्रशने धूळ काढा आणि आतले फोटो काढून ठेवा. बऱ्याच जणांनी ते मनावर घेतलेलं दिसतंय. आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांत जवळपास एकच प्रश्न आहे: आत रिकाम्या जागा आहेत, त्यांचं काय? दोन पत्रांची उत्तरं थोडक्यात देतो. तिसऱ्याचं थोडक्यात देता येणार नाही, म्हणून ते शेवटी घेतलंय.

प्रश्न : माझे काका १९८३ साली लेस्टरहून सुट्टीवर आले तेव्हा माझ्यासाठी सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम घेऊन आले होते, १६ केचा, म्हणजे १६ किलोबाइट मेमरीचा. तो अजून चालतो. तुमचा लेख वाचून उघडला. बोर्डावर १६-१६ पायांच्या आठ चिपा आहेत, त्यांवर ४११६ असं लिहिलंय. शिवाय आठ सॉकेटं रिकामी आहेत आणि त्यांच्याजवळ आणखी चार. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात विचारलं तर म्हणाले, "तशाच आठ चिपा आणून बसवा, मेमरी दुप्पट होईल." बसवू का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : बसवू नका. पाय १६च असल्यामुळे ४११६ त्या सॉकेटात अगदी चपखल बसेल, आणि धोका तिथेच आहे. ४११६ ही जुन्या धाटणीची चिप. तिला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात: उणे ५, अधिक ५ आणि अधिक १२. तिच्या ८ नंबरच्या पायावर १२ व्होल्ट यावे लागतात. रिकाम्या सॉकेटात त्याच पायाला ५ व्होल्ट आहेत, कारण ती जागा नंतरच्या पिढीच्या, एकट्या ५ व्होल्टवर चालणाऱ्या चिपांसाठी आहे. ९ नंबरच्या पायावर तर ४११६ला वीज हवी असते आणि तिथे येते मेमरीतल्या जागेचा पत्ता सांगणारी एक तार. चिप चालणार नाही, बिघडण्याचीच शक्यता जास्त.

त्या जागी कोणत्या चिपा असायच्या, ते समजून घेण्यासारखं आहे. स्पेक्ट्रम २३ एप्रिल १९८२ रोजी बाजारात आला. १६ केचा १२५ पौंडांना, ४८ केचा १७५ पौंडांना. वरच्या ३२ के मेमरीसाठी सिंक्लेअरने घेतल्या त्या अर्ध्या निकामी चिपा. ६४ किलोबिटच्या चिपा बनवताना काहींचा एक अर्धा भाग सदोष निघायचा. अशा चिपा फेकून न देता चांगला अर्धा वापरायचा, या अटीवर त्या स्वस्तात विकल्या जायच्या. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ४५३२ आणि ओकीची ३७३२ या त्यांतल्याच. कोणता अर्धा चांगला, हे चिपेच्या नावातच कळतं: टेक्सासच्या नावाच्या शेवटी ३ किंवा ४ असतो, ओकीच्या नावाला एच किंवा एल. आठही चिपा एकाच बाजूच्या हव्यात, आणि बोर्डावरची तारेची लिंक त्या बाजूला जोडलेली हवी. मला ही युक्ती फार आवडते. बाजारभाव खाली आणण्यासाठी दोष लपवला नाही, दोष धरून आराखडा बेतला.

आज अर्ध्या चिपा शोधत बसायची गरज नाही. पूर्ण चांगली ४१६४ मिळाली तर तीच घ्या. तिचे दोन्ही अर्धे धड असल्याने लिंक कुठल्याही बाजूला असली तरी चालतं. बाजूच्या चार सॉकेटांत साध्या लॉजिकच्या चिपा जातात. 'आयसी' म्हणजे बोर्डावर छापलेला चिपेच्या जागेचा क्रमांक: आयसी २३ला ७४एलएस३२, २४ला ७४एलएस००, आणि २५ व २६ला ७४एलएस१५७. या चार नसतील तर वरच्या आठ बसवून उपयोग नाही. नंतर PEEK या मेमरीतला आकडा वाचणाऱ्या आज्ञेने तपासा: २३७३२ या पत्त्यावरचा आकडा, अधिक २५६ गुणिले २३७३३वरचा आकडा. उत्तर ३२७६७ आलं तर यंत्र अजून स्वतःला १६ केचंच समजतंय. ६५५३५ आलं तर काम झालं.

एक सांभाळा. कीबोर्डाची चपटी फीत ४० वर्षांत पापडासारखी कुरकुरीत झालेली असते. झाकण उचलताना हिसका देऊ नका, नाहीतर मेमरी वाढेल आणि कळ एकही चालणार नाही.

प्रश्न : आमच्या डीटीपी सेंटरमधला १९९८चा निळा आयमॅक मी जपून ठेवलाय. आतल्या बोर्डावर एक जोडणी रिकामी आहे. तिथे नवीन एसएसडी लावता येईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. ती 'मेझनिन' जोडणी. ॲपलने ती पहिल्या दोन आवृत्त्यांत ठेवली, पण बाहेरच्या कंपन्यांनी वापरावी अशी तिची अपेक्षा नव्हती. तरी काहींनी तिच्यासाठी कार्डं काढली. ग्रिफिनचं आयपोर्ट हे त्यातलं एक. जानेवारी १९९९मध्ये पाच रंगांचे आयमॅक आले आणि जोडणी गेली. त्या काळातलं कार्ड हाती लागलं तरच तिचा उपयोग आहे. शिवाय तुमच्या यंत्रात पिक्चर ट्यूब आहे. प्लग काढल्यावरही तिच्यात विजेचा जीवघेणा दाब राहू शकतो, म्हणून ट्यूबच्या बाजूला हात घालू नका. बोर्डावरची छोटी लिथियम बॅटरी मात्र जाणत्या माणसाकडून आजच काढून घ्या. ती फुटली तर बोर्ड खाते.

प्रश्न : माझे वडील सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवायचे. सरकारच्या 'क्लास' योजनेत शाळेला बीबीसी मायक्रो मिळाले. त्यांची जबाबदारी बाबांकडे होती. १९९१मध्ये डेड स्टॉकची तपासणी झाली. तपासणीला आलेल्यांनी एका यंत्राचं झाकण उघडायला लावलं आणि आत रिकामं सॉकेट नि ओळीने भोकं पाहून रजिस्टरमध्ये 'आतील भाग गहाळ' असा शेरा मारला. कीबोर्डाच्या डावीकडे प्लॅस्टिकमध्ये चौकोनी खाच आहे, तीही 'कापण्याचा प्रयत्न' म्हणून लिहिली. बाबांनी तीनदा लेखी खुलासा दिला. शेरा निघाला नाही. वसुली झाली नाही, पण शिक्षकांच्या खोलीतली कुजबुज बाबा निवृत्त होईपर्यंत थांबली नाही. पुढे यंत्रांचं निर्लेखन झालं तेव्हा लिलावात बाबांनी नेमकं तेच यंत्र विकत घेतलं आणि जुन्या धोतरात गुंडाळून कपाटात ठेवलं. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. तुमचा लेख वाचून मी आणि भाच्याने झाकण उघडलं. चौदा फोटो आणि बाबांच्या खुलाशाची प्रत सोबत पाठवतेय. ते भाग होते का? कुणी काढले असतील? आता विकत घेऊन बसवावेत का? आणि यंत्र सुरू करून पाहिलं तर चालेल का?
— एका शिक्षकाची मुलगी, वाई

उत्तर : ताई, आधी उत्तर सांगतो, मग कारणं. त्या जागांवर कधीच काही नव्हतं. तुमच्या बाबांच्या हातून एकही भाग गेलेला नाही. यंत्र कारखान्यातून बाहेर पडलं तेव्हा जसं होतं तसंच आज तुमच्या टेबलावर आहे. एका चिपेचा अपवाद, आणि ती कमी झालेली नाही, वाढलेली आहे. तिच्याकडे शेवटी येतो.

आता कारणं. फोटो क्रमांक ६ मोठा करून बघा. आयसी ८९ असं छापलेल्या जागी १४-१४ भोकांच्या दोन ओळी आहेत. भोकं उघडी नाहीत. प्रत्येकात सोल्डर भरलेलं आहे आणि वर तांदळाच्या कणीएवढा चकचकीत, गुळगुळीत थेंब आहे. कारखान्यात सगळे भाग बोर्डात खोचून झाले की तो बोर्ड वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून पुढे सरकवतात. खालून लाट लागते आणि सगळे पाय एका दमात पक्के होतात. ज्या भोकात पाय नसेल ते भोकही त्याच लाटेत भरून जातं. तुमच्या फोटोत दिसतंय ते हेच. चिप बसवलेली असती आणि नंतर कुणी ती काढली असती, तर सोल्डर वितळवून ओढून घ्यावं लागलं असतं. त्याच्या खुणा राहतात: भोकं पोकळ होतात, भोवती तपकिरी डाग पडतो, तांब्याचं एखादं कडं उचकटतं, सोल्डरिंग आयर्न घसरल्याचा ओरखडा राहतो. २८ भोकांत यातली एकही खूण नाही. मी भिंग घेऊन एकेक भोक दोनदा मोजलं.

आयसी ७८ची गोष्ट निराळी. तिथे ४० पायांचं सॉकेट बसवलेलं आहे आणि ते रिकामं आहे. सॉकेटातली चिप बोटाने उचकटून काढता येते, त्यामुळे तपासणीला आलेल्यांना संशय आला असेल तर ते मी समजू शकतो. पण सॉकेटही बोलतं. त्याच्या प्रत्येक खाचेत पितळी पट्टीची पकड असते. वर्षानुवर्षं चिपेचा पाय आत राहिला की पट्टी थोडी फाकते आणि तिच्यावर पायाचा चरा उमटतो. भाच्याला टॉर्च आणि भिंग द्या आणि चाळीसही खाचा तिरप्या उजेडात बघायला सांगा. फोटो ९मध्ये मला दिसतात त्या सगळ्या पट्ट्या मिटलेल्या आणि स्वच्छ आहेत.

त्याहून मोठा पुरावा बाबांनी स्वतःच दिला होता. तिसऱ्या खुलाशातलं त्यांचं वाक्य आहे: 'सदर जागा डिस्क ड्राइव्हच्या नियंत्रक चिपेसाठी असून शाळेस डिस्क ड्राइव्ह मिळालेला नाही, टेपरेकॉर्डर मिळालेला आहे.' हे शब्दशः खरं आहे. आयसी ७८ ही जागा इंटेलच्या ८२७१ या डिस्क कंट्रोलरची. ड्राइव्ह नसेल तर ती चिप ठेवून उपयोग नव्हता, आणि ती महाग होती. गणिताच्या शिक्षकाने हे १९९१मध्ये, हाताशी इंटरनेट नसताना शोधून काढलं आणि नीट लिहून दिलं. ते कुणी वाचलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मग ज्या भागांची गरज नाही त्यांच्या जागा बोर्डावर ठेवल्या कशाला? केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने बीबीसी मायक्रो डिसेंबर १९८१मध्ये आणला. त्याचे दोन प्रकार होते. मॉडेल एमध्ये १६ के मेमरी, मॉडेल बीमध्ये ३२ के. लवकरच किमती २९९ आणि ३९९ पौंडांवर स्थिरावल्या. बोर्ड मात्र दोन्हींचा एकच. ज्याने जेवढे पैसे दिले तेवढ्या जागा भरायच्या, बाकीच्या मोकळ्या सोडायच्या, आणि गिऱ्हाईक पुढे कधी परत आलं तर त्याच जागांत भाग बसवून द्यायचे. घर बांधताना वरच्या मजल्यासाठी खांबांच्या सळ्या बाहेर ठेवतात, तसं. त्या सळ्या बघून कुणी वरचा मजला चोरीला गेला म्हणत नाही.

तुमच्या फोटोतल्या आयसी ८९च्या जागी ६८बी५४ ही चिप जायची. तिच्यामुळे एकोनेट नावाचं जाळं चालायचं. ब्रिटनमधल्या शाळांत वर्गातले सगळे कॉम्प्युटर एका तारेवर जोडून एकच महागडा डिस्क ड्राइव्ह सगळ्यांत मिळून वापरायचे. यंत्राच्या मागे पाच टाचण्यांचं गोल सॉकेट आहे ना, ते त्याचंच.

आणि ती 'कापण्याचा प्रयत्न' म्हणून नोंदवलेली खाच! ती साच्यातूनच तशी आलेली आहे. कीबोर्डाच्या डावीकडचा तो चौकोन मुद्दाम पातळ ठेवलेला असतो, दाबून काढता यावा म्हणून. एकॉर्नने १९८३मध्ये बोलण्याची सोय विकायला काढली. आयसी ९९ला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएमएस५२२० ही बोलणारी चिप आणि आयसी ९८ला टीएमएस६१०० ही शब्दांची चिप. शब्द उच्चारले होते केनेथ केंडल यांनी. १९५५मध्ये बीबीसीच्या टीव्हीवर पडद्यावर दिसून बातम्या वाचणारे पहिले निवेदक ते. आणखी शब्द किंवा प्रोग्रॅम हवे असतील तर त्या चौकोनातून छोटी रॉम काडतुसं (रॉम म्हणजे आधीच मजकूर भरून ठेवलेली चिप) खोचायची, अशी कल्पना होती. फार थोड्या लोकांनी ती घेतली. बहुतेक यंत्रांत चौकोन तसाच राहिला, आणि ज्यांनी तो काढला त्यांच्याकडे खळगा राहिला. इंग्लंडमध्ये त्या खळग्याला लोक ॲश-ट्रे म्हणतात. गंमत अशी, की त्या काडतुसांसाठीची *ROM ही आज्ञा तुमच्या यंत्राच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आजही आहे. चिपा नसल्या तरी यंत्र ती नाकारत नाही.

यंत्र उलटं करून खालची बाजूही बघा. तिथे टाचण्यांच्या ओळी आहेत. त्यांतल्या ४० टाचण्यांच्या ओळीला ट्यूब म्हणतात. दुसरा प्रोसेसर जोडायला ती ठेवली होती. शाळांत बहुधा तिला कधी काही जोडलं गेलं नाही. पण एकॉर्नच्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी केंब्रिजमध्ये आखलेला एआरएम प्रोसेसर २६ एप्रिल १९८५ रोजी पहिल्यांदा चालला, तो याच जोडणीतून बीबीसी मायक्रोला लावून. तुमच्या हातातल्या मोबाइलचा प्रोसेसर जवळपास नक्की त्याच घराण्यातला आहे.

'क्लास' योजनेबद्दल थोडं सांगतो, कारण मी तेव्हा तिथे होतो. १९८४मध्ये केंद्र सरकारने शाळांत कॉम्प्युटर साक्षरता आणायची ठरवली, त्यासाठी बीबीसी मायक्रो निवडला आणि पहिल्या टप्प्यात देशभरातल्या सुमारे २५० शाळांना दिला. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये युनिकॉर्न या नावाने तो इथेही बनला. शिक्षकांना शिकवण्याचं काम काही महाविद्यालयांकडे होतं, आणि त्यांतल्या एका महाविद्यालयात मी प्रयोगशाळा सहायक होतो. प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी झाकण उघडून दाखवायचो. चार स्क्रू, त्यांच्याशेजारी प्लॅस्टिकवर 'फिक्स' असं उमटवलेलं. झाकण निघालं की दर तुकडीत कुणीतरी विचारायचंच, "हे अर्धंच पाठवलंय का हो?" मी समजावून सांगायचो. पण ते छापील कागदावर कधी दिलं नाही. एक पानभर मजकूर प्रत्येक शाळेच्या फाइलला लागला असता, तर तुमच्या बाबांना तीन खुलासे लिहावे लागले नसते. हे माझ्या मनाला लागून राहिलंय.

म्हणून आता भाग विकत घेऊन बसवावेत का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर ठाम नाही असं आहे. ८२७१ आजही मिळते, ६८बी५४ही मिळते, आणि एखादा तंत्रज्ञ दुपारभरात बसवूनही देईल. पण त्या २८ भोकांतलं १९८०च्या दशकातलं सोल्डर हीच बाबांची साक्ष आहे. त्याला एकदा आयर्न लागलं की ती पुसली गेली. बोर्ड आहे तसा ठेवा. फोटोंच्या मागे तारीख घाला. तुम्हाला हवं असेल तर प्रत्येक जागेचं कारण मी सहीनिशी लिहून देतो. शाळेकडे ते जुनं रजिस्टर असेल तर शेऱ्यासमोर ते लावून घ्या. निर्लेखन झालेल्या वस्तूच्या नोंदीला आज काही किंमत नाही, असं कार्यालयात सांगतील. तुम्ही तरीही द्या.

यंत्र सुरू करायचं तर आहे तसा प्लग लावू नका. डाव्या बाजूच्या वीजपुरवठ्याच्या डब्यात मेन्सच्या विजेतला गोंधळ गाळणारे दोन कपॅसिटर असतात. त्यांचं पारदर्शक पिवळसर आवरण कालांतराने तडकतं, दमट हवा आत शिरते, आणि सुरू केल्यावर काही मिनिटांत ते मोठा आवाज करून फुटतात. घरभर उग्र वासाचा धूर होतो. ते आधी बदलून घ्या, आणि हे काम घरी न करता पॉवर सप्लाय दुरुस्त करणाऱ्याकडूनच करून घ्या. मग डब्यातून बोर्डाकडे येणाऱ्या तारांवर ५ व्होल्ट मोजायला सांगा. तोपर्यंत भाच्याला सॉकेटातल्या चिपा अंगठ्याने हलक्या हाताने खाली दाबू दे, इतक्या वर्षांत त्या वर सरकलेल्या असतात. त्याआधी त्याने नळाच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवावी. चिप काढून परत लावायची वेळ आली तर खोबणीची दिशा आधी फोटोत टिपावी. मी एकदा घाईत रॉम उलटी बसवली होती. ती हाताला चटका बसेल इतकी तापली आणि गेली.

आता त्या वाढलेल्या चिपेबद्दल. फोटो १२ तुम्ही बहुधा फार लक्ष देऊन पाहिलेला नाही. कीबोर्ड उचलला की पुढे उजव्या कोपऱ्यात २८ पायांची पाच सॉकेटं एका ओळीत दिसतात. पहिल्यात ऑपरेटिंग सिस्टीम, दुसऱ्यात बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा. उरलेली तीन, म्हणजे आयसी ८८, १०० आणि १०१, वापरणाऱ्यासाठी मोकळी ठेवलेली असतात. १६ केची रॉम त्यांत खोचली की ती यंत्राचाच भाग होते, टेप लावून वाट बघावी लागत नाही. तुमच्या यंत्रात ८८ आणि १०० रिकामी आहेत. सगळ्यात उजवीकडच्या १०१मध्ये एक चिप आहे. तिच्या पाठीवर वहीच्या कागदाचा तुकडा चिकटवलाय आणि त्यावर निळ्या शाईने लिहिलंय, 'देवनागरी २'. खुलाशाच्या प्रतीतल्या अक्षराशी ताडून पाहिलं. 'द'ची शेपूट तीच आहे.

ताई, ती ईप्रॉम आहे. तिच्यात स्वतः मजकूर भरता येतो. त्या कागदाखाली काचेची खिडकी आहे, आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी आतला मजकूर पुसला जातो. कागद सोलू नका, खिडकीशी ऊन येऊ देऊ नका. अशा चिपा इतकी वर्षं टिकतील असं बनवणाऱ्यांनीही धरलेलं नव्हतं, तेव्हा सुरू करून पाहण्याआधी ईप्रॉम प्रोग्रॅमर नावाचं उपकरण असलेल्या कुणाकडून तिची नक्कल काढून घ्या. नक्कल करताना चिपेला काही होत नाही.

तिच्यात काय असेल, याचा मला अंदाज आहे. आमच्या प्रशिक्षणात तिसऱ्या दिवशी शिक्षकांना नवी अक्षरं घडवायला शिकवायचो. व्हीडीयू २३ ही पडद्यासाठीची आज्ञा, मग २२४पासून पुढचा एखादा क्रमांक, मग आठ आकडे. आठ ओळी, ओळीत आठ ठिपके. देवनागरीसाठी पहिला आकडा नेहमी २५५ यायचा, म्हणजे वरच्या ओळीतले आठही ठिपके पेटलेले. तीच शिरोरेषा. शेजारी शेजारी अक्षरं आली की ती रेषा आपोआप जुळायची, आणि वर्गातून "अरे वा!" असा आवाज यायचा. पण यंत्र बंद केलं की सगळं जायचं, दुसऱ्या दिवशी टेपवरून परत भरावं लागायचं. त्या मोकळ्या सॉकेटात ते कायमचं बसवता येईल का, असं मला दरवर्षी एखादे तरी शिक्षक विचारायचे. येईल, असं मी सांगायचो. कुणी खरंच करून पाहिलं का, ते मला कधी कळलं नव्हतं.

नक्कल झाली, कपॅसिटर बदलले, की टीव्ही जोडून यंत्र सुरू करा. खालच्या सुरातून वरच्या सुरात जाणारी शिट्टी वाजली तर ते शुद्धीवर आहे. मग *HELP टाइप करून रिटर्न दाबा. ओएस १.२० अशी ओळ दिसेल. बेसिकचं नाव त्या यादीत येत नाही, त्याची काळजी करू नका. बाबांनी चिपेला नाव दिलं असेल आणि ते सांगण्याची सोय केली असेल, तर ते त्याच यादीत उमटेल. फोटो काढा आणि मला पाठवा.